देवाला हात नाहीत

मूर्तीचं पहिल्यांदा काय मोडतं, तर हात. नाक नंतर, मान तर क्वचितच. हात पुढे आलेले असतात, त्यामुळे झाडूचा दांडा त्यांना लागतो, फुलदाणी ठेवणाऱ्याचं कोपर त्यांना लागतं, आणि मूर्ती हलवणारे दोघे जण एकमेकांना "जपून, जपून" म्हणत ती दारावर आपटतात तेव्हाही तेच सापडतात. हातवाल्यांचा संसार या एका गोष्टीवर चालला. त्यांना खरं नाव होतं, पण ते घरपट्टीच्या पावतीवर. चर्चमधली माणसं "हातवाल्यांना बोलवा" असंच म्हणायची.

कोपऱ्यावरचा चहावाला म्हणायचा, "किती संत गेले हो तुमच्या हाताखालून! आमच्या हाताखाली एक नोकर टिकत नाही." हातवाले हसायचे नाहीत. विनोद त्यांना कळायचा, पण हसण्याआधी तो कितपत खरा आहे हे ते तपासून पाहायचे, आणि तोवर हसायची वेळ निघून गेलेली असायची.

पुढच्या खोलीत काम आणि मागच्या दोन खोल्यांत घर, अशी त्यांची जागा होती. फळीवर प्लास्टरचे हात ओळीने वाळत ठेवलेले असायचे, नव्या माणसाला पाहून धस्स व्हायचं. हात दुरुस्त करून दिला की ते धर्मगुरूंना बाजूला घेऊन सांगायचे, "इथे सांधा आहे. दिसणार नाही, पण आहे." कुणी विचारलेलं नसायचं. न सांगता पैसे घेणं त्यांना चोरीसारखं वाटायचं. खरं बोलणाऱ्या माणसाचं कौतुक सगळे करतात. त्याच्या घरात चार दिवस राहून पाहावं.

रविवारी ते मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचे. "देव कोण आहे?" ते विचारायचे, आणि मुलं एका सुरात सांगायची, "देव आत्मा आहे. त्याला शरीर नाही. त्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही." "देव किती?" "एक." "व्यक्ती किती?" "तीन. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा." आठवडाभर देवाच्या माणसांची शरीरं दुरुस्त करायची आणि रविवारी देवाला शरीर नाही म्हणून शिकवायचं, यात त्यांना कधी काही विचित्र वाटलं नाही. प्लास्टर म्हणजे देव नव्हे, एवढं प्लास्टरवाल्याइतकं कुणाला कळणार?

त्यांच्या बायकोचे हात सुंदर होते. म्हणजे बोटं काही लांबसडक नव्हती, पण नुसते मांडीवर ठेवले तरी कुणाला तरी जवळ घेतायत असे दिसायचे. नवरा सांगेल तेव्हा ती बिचारी टेबलाजवळ येऊन हात पुढे करून बसायची आणि कुरकुरायची, "तिकडे बटाटे करपतायत, इकडे माझी संत झालीय." एकदा त्यांनी तिच्या दोन्ही हातांचा साचाच करून घेतला. गावातल्या मोठ्या चर्चमधल्या मरियामातेचे हात त्याच साच्यातले. हे बायकोला माहीत होतं आणि लेकीला माहीत होतं. धर्मगुरूंनाही त्यांनी अर्थातच सांगून टाकलेलं होतं.

लेक सात वर्षांची असताना बायको फुप्फुसाच्या दुखण्याने गेली. मागच्या अरुंद खोलीत, भिंतीला टेकलेल्या पलंगावर गेली. शेवटच्या दिवशी त्या खोलीत उभं राहायलाही जागा नव्हती. हातवाले दाराच्या चौकटीत उभे होते आणि तेव्हा त्यांना अगदी स्वच्छ जाणवलं, की देव इथे आहे. त्याला शरीर असतं तर तो पलंग आणि भिंत यांच्या मधे मावला नसता. शरीर नाही म्हणूनच तो तिच्या श्वासाइतका जवळ होता. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आधार तो होता, आणि तो त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवला नाही. लेकीलासुद्धा नाही. निदान तिला तरी सांगायला हवा होता.

आठवड्याभराने ते कामाला बसले. टेबलावर वधस्तंभावरच्या येशूचा मोडून आलेला हात होता, तळव्यात खिळ्याचा वण असलेला. लेक समोरच्या स्टुलावर बसून पाय हलवत होती.

"बाबा, आई आता कुठे आहे?"

"देवाजवळ."

"देवाने तिला धरलंय?"

त्यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. प्रश्न आला की उत्तर बरोबर द्यायचं, ही त्यांची सवय. "देवाला हात नाहीत, बाळा. देव आत्मा आहे."

"मग आईने देवाला धरलंय?"

"तिलाही आता शरीर नाही. शेवटच्या दिवशी परत मिळेल."

पाय हलायचे थांबले. "तोपर्यंत तिला कुणीच धरणार नाही?"

यावर ते बरंच काही बोलले. आत्म्याला धरण्याची गरज कशी नसते, प्रेम हातांशिवाय कसं असतं. सगळं बरोबर होतं, वर्गात सांगितलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते. पण समोर सात वर्षांची पोर होती आणि आईच्या चपला अजून दाराशी होत्या. ती स्टुलावरून उतरली आणि आत गेली. परत तिने तो प्रश्न विचारला नाही, आणि हातवाल्यांना वाटलं, तिला पटलं.

त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या चर्चमधल्या मरियामातेची करंगळी सारखी मोडायला लागली. उजव्या हाताची, तेवढीच. हातवाले तार घालून बसवायचे, आणि काही महिन्यांनी ती पुन्हा तुटायची. झाडूवाल्याला त्यांनी चारचौघांत झापलं. तो बिचारा शपथा घेत राहिला.

लेक मोठी झाली आणि चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याच्या कामाला लागली. तिथे एकदा दोन तरुण मुली मोडलेली दांडी घेऊन आल्या. लांब घागरे, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि दोघी मिळून हसायच्या. येशूलाच मानणाऱ्या पण वेगळ्या पंथाच्या त्या प्रचारक, लोक त्यांना मॉर्मन म्हणायचे. दांडी बसवता बसवता बोलणं देवावर गेलं. त्यांतली एक म्हणाली, देव आपला खरोखरचा पिता आहे, आणि त्याला आपल्यासारखंच शरीर आहे, हाडामांसाचं, फक्त कधी न मरणारं.

लेकीच्या हातातला स्क्रू खाली पडला. "हातसुद्धा?" तिने विचारलं.

"हो. हातसुद्धा."

वर्षभरात तिने त्यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला. ज्या रात्रीच्या जेवणात तिने हे बापाला सांगितलं, त्या जेवणाचं सूप तसंच गार झालं.

"बाप्तिस्मा तुझा झालेला आहे," हातवाले म्हणाले. "तान्ही होतीस तेव्हा."

"तेव्हा मला कळत नव्हतं."

"आणि यांनी कोणाच्या नावाने दिला?"

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या. तेच शब्द आहेत, बाबा."

"शब्द तेच, पण देव तो नाही. म्हणून तर आपलं चर्च तो बाप्तिस्मा धरत नाही. आपण म्हणतो, तिघे आहेत पण देव एकच. तुमच्याकडे तिघं वेगवेगळे."

"वेगळे आहेत, पण मनाने एक आहेत. पुत्र, म्हणजे येशू, मरणाच्या आदल्या रात्री बागेत रडून प्रार्थना करत होता ती कुणाला? स्वतःलाच?"

"पित्याला."

"मग मी काय वेगळं म्हणतेय?"

"बरंच वेगळं म्हणतेयस. तुमच्यातले काही तर म्हणतात, देवही एके काळी माणूस होता. म्हणजे काय, देव उमेदवारी करून देव झाला?"

"बापही आधी लेकरू असतो की नाही? त्याने तो कमी बाप होतो का?"

वाद घालायला ती बापाकडूनच शिकली होती. हातवाल्यांनी चमचा खाली ठेवला. "हे बघ. ज्याने सगळं घडवलं, त्याला कुणी घडवलेलं नाही. तो आधीपासून आहेच. हात असलेला देव एका वेळी एकाच जागी असणार. तो तुझ्या आईला धरून बसला, तर माझ्याकडे कोण पाहील?"

 खरं म्हणजे त्या अरुंद खोलीची गोष्ट अगदी ओठांवर आली होती. लेकीच्या ते लक्षात आलं नाही. ती म्हणाली, "त्याचा आत्मा सगळीकडे पोचतो, बाबा, आम्हीही तेच मानतो. आणि आमच्याकडे स्वर्गात नुसता बाप नाही. आईसुद्धा आहे."

"आई," हातवाले म्हणाले.

"हो. आई."

त्यांनी उठून ताटल्या गोळा केल्या आणि नळ मोठा सोडला.

तिच्या आग्रहाने ते एकदा तिच्या प्रार्थनेच्या जागी गेले. स्वच्छ, उजेडाची खोली, लाकडी बाकं आणि कोऱ्या भिंती. क्रूससुद्धा नाही, मग मूर्ती कुठली? लोक फार प्रेमाने बोलले, कुणी खुर्ची दिली, कुणी पाणी. हातवाले भिंतींकडे पाहत बसले. आपल्या देवाला शरीर नाही आणि आपलं चर्च हातापायांनी भरलेलं. यांच्या देवाला शरीर आहे आणि भिंतीवर एक बोट नाही. त्यांना तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं.

मग लग्न ठरलं. मुलगा विजेची कामं करणारा, शांत, हातवाल्यांना आवडलेला. पण लग्न व्हायचं होतं त्यांच्या मोठ्या मंदिरात, आणि त्या मंदिरात त्यांच्या पंथाच्या, त्यातही परवानगी मिळालेल्या माणसांनाच जाता येतं. सख्ख्या बापालाही सूट नाही. लेकीने हे सांगितलं तेव्हा ती खाली मान घालून टेबलावरचा प्लास्टरचा चुरा बोटाने गोळा करत होती. "नियम आहे, बाबा."

"नियम आहे तर आहे," ते म्हणाले. नियम मोडा असं त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी त्यांनी टर्पेंटाइनने नखं घासून स्वच्छ केली, कोट घातला आणि मंदिराच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसले. माळी नळी घेऊन फिरत होता.

"कुणाची वाट बघताय?"

"मुलीचं लग्न आहे."

"मग आत नाही गेलात?"

"मला आत जाता येत नाही."

माळ्याने नळी दुसऱ्या वाफ्याकडे वळवली. आत आपल्या पोरीचा हात कोण कुणाच्या हातात देतंय, हे हातवाल्यांना कळायला मार्ग नव्हता. मोडलेले सगळे हात त्यांनी जोडले होते, आणि हा एक त्यांच्या मागे, बंद दाराआड जोडला जात होता.

दार उघडलं आणि ती पांढऱ्या कपड्यांत पळतच आली. "बाबा! आम्ही कायमचे बांधले गेलो. मेल्यावरसुद्धा!"

नुसतं "सुखी राहा" म्हणायचं होतं. कुणीही म्हटलं असतं. पण हातवाले म्हणाले, "मेल्यावर लग्न नसतं, बाळा. प्रभूने स्वतः सांगितलंय."

फोटोवाला कॅमेरा घेऊन थांबला होता. फोटो निघाला. त्यात बाप आणि लेक शेजारी उभे आहेत आणि दोघंही सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत.

त्यानंतर दोघांमध्ये एक अलिखित करार झाला, देव सोडून काहीही. गळका नळ, चष्म्याच्या काचांचे भाव, नात झाल्यावर नातीचे दात. ती दर आठवड्याला यायची, ओटा पुसून जायची, आणि बापलेक तासभर गप्पा मारायचे. पण ज्या एका गोष्टीवर दोघांचं खरं आयुष्य चाललं होतं, ती गोष्ट तेवढा वेळ दाराबाहेर उभी असायची.

नात सहा वर्षांची झाली त्या वर्षी लेकीच्या पोटात गाठ निघाली. उशिरा निघाली. हातवाले रोज दुपारी दवाखान्यात जाऊन बसायचे, जावई कामावर असायचा ती वेळ. एका दुपारी ती डोळे न उघडता म्हणाली, "बाबा, ती करंगळी मी मोडायचे."

"कुठली?"

"मरियामातेची. शाळा सुटली की जायचे आणि धरून उभी राहायचे. आईचा हात होता ना. कुणाची चाहूल लागली की झटक्यात सोडायचे, मग तुटायची."

हातवाले म्हणाले, "मी त्या झाडूवाल्याला बोललो."

"माहीत आहे. मी खांबामागे होते." ती थोडी हसली, मग दम लागला म्हणून थांबली. "तुम्ही म्हणाला होता, कुणाला हात नाहीत. देवाला नाही, आईला नाही. मग मला तेवढाच राहिला होता."

बाहेर गाडा ढकलल्याचा आवाज गेला. तिने डोळे उघडले. "बाबा, आई मला जवळ घेईल ना? आमच्याकडे सगळे सांगतात, आणि मला पटलंय. पण तुम्ही म्हणा. एकदा."

एक शब्द होता. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. हातवाल्यांनी तोंड उघडलं आणि आयुष्यभर शिकवलेलं सगळं एकदम घशाशी आलं, आत्मा, शेवटचा दिवस, पुनरुत्थान, जे माहीत आहे ते आणि जे माणसाला माहीत असू शकत नाही ते. ते म्हणाले, "देव दयाळू आहे."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "राहू दे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोलत नाही, एवढं मला माहीत आहे."

तिने हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला. परिचारिका येऊन "आता त्यांना झोपू द्या" म्हणेपर्यंत धरून बसले. दोन दिवसांनी ती गेली.

तिला त्यांच्या मंदिराचे पांढरे कपडे तिच्या पंथाच्या बायकांनी घातले. हातवाले पुन्हा एकदा बंद दाराबाहेर बसले. दार उघडल्यावर ते आत गेले, तेव्हा तिचे हात पोटावर ठेवलेले होते. प्लास्टरमध्ये हजार वेळा उतरवलेले तेच हात, त्याच साच्यातले. इतकी वर्षं समोर ओटा पुसत होते आणि आपण पाहिलं कसं नाही, असं मनात येऊन त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट पकडली.

जावई कामावर गेला की नात आजोबांकडे असायची. एका संध्याकाळी दोघं पाव आणायला निघाले. तिने चालता चालता त्यांची करंगळी धरली. सगळी मुलं धरतात तशीच.

"आजोबा, आमच्या चर्चमधल्या बाई म्हणाल्या, देवाला हात आहेत आणि त्याने आईला धरलंय. पण तुमच्या चर्चमध्ये म्हणतात, नाहीत. खरं काय?"

हातवाले रस्त्यातच थांबले. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली.

"आहेत," ते म्हणाले.

"खरंच?"

"खरंच. मोठे आहेत. आणि ऊबदार."

"तुमच्यासारखे खरखरीत?"

"थोडे."

"आणि आईची आई?"

"तीही तिथेच आहे. तिने तुझ्या आईला एका बाजूने धरलंय, देवाने दुसऱ्या बाजूने." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की त्याला थांबता येत नाही. पाववाल्याचं दुकान येईपर्यंत त्यांनी तिला अख्खा स्वर्ग सांगितला, त्यातल्या खुर्च्यांसकट.

शनिवारी ते पापकबुलीला गेले. जाळीपलीकडचे फादर तरुण होते, लहानपणी हातवाल्यांच्याच रविवारच्या वर्गात बसलेले. हातवाल्यांनी सगळं सांगितलं. खोटं बोललो. लहान मुलाशी बोललो. देवाबद्दल बोललो.

फादर हळूच म्हणाले, "पण यात खोटं कुठे आहे, सर? पित्याला शरीर नाही, हे खरं. पण पुत्राने देह घेतला आणि तो टाकून दिलेला नाही. तो त्या देहासकट स्वर्गात आहे. खिळ्यांचे वण असलेले हात आहेत की त्याला. तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

 फादरांना वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटलं असेल. मग हातवाल्यांचा श्वास फुटल्यासारखा ऐकू आला.

"लेकीने विचारलं तेव्हा तोच हात माझ्या टेबलावर होता, फादर. मी तो घासत होतो. घासता घासता तिला सांगितलं, देवाला हात नाहीत. नुसता उचलून दाखवला असता तरी चाललं असतं." ते थांबले. "दवाखान्यातही सुचलं नाही."

फादर जाळीजवळ सरकले.

"खोट्यासाठी आलो होतो, ते राहू द्या," हातवाले म्हणाले. "त्याचा मला पश्चात्ताप नाही. मला खरं बोलल्याची माफी द्या."